रशीदा शिकलगार आणि हिंदुरावांची पाती

रशीदा शिकलगारची आणि माझी ओळख माझ्याच टेबलाखाली झाली. ही गोष्ट मी अनेकांना सांगते आणि अनेकांना ती थाप वाटते. वाटू दे.

मी तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. सकाळची पाळी संपवून दुपारी नारायण पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत परत यायचं, जेवायचं आणि कोणाशीही न बोलता पडायचं, हा माझा नेम. दिवसभर लोकांना एकमेकांशी जोडून दिल्यावर स्वतः बोलायची इच्छा राहत नाही. अशा वेळी दार वाजलं. दारात बाविशीची एक बाई. डोक्यावरून पदर, हातात कापडी पिशवी आणि बोटांना काळं तेल.

"बाई, तुमच्याकडं हिंदुराव मेस्त्रींनी केलेलं टेबल हाय ना?"

"आहे. का? परत न्यायचंय?"

"न्हाई. खालनं जरा हात लावून बघू का?"

"वरून का नको?"

"वरनं त्यांनी साफ केलंय. खालनं न्हाई."

इतकं मुद्देसूद उत्तर मला एक्स्चेंजमध्ये कधी कोणी दिलं नव्हतं, म्हणून तिला आत घेतलं. ती चपला काढून सरळ टेबलाखाली शिरली, उताणी पडली आणि तळव्यानं फळी चाचपायला लागली. मग म्हणाली, "तुमी पण बघा." आता परक्या बाईबरोबर स्वतःच्या टेबलाखाली आडवं पडणं शोभतं का, हा विचार मी केला. पण भोचकपणा माझ्यात शोभेपेक्षा जास्त आहे, त्यामुळे मीही शिरले.

खालून फळी सपाट नव्हती. वाळूत बोटं ओढावीत तशा उथळ पन्हळी एकीला लागून एक अशा सगळ्या फळीभर होत्या. सहा वर्षं मी त्या टेबलावर भाजी निवडली, हिशेब केले, नवऱ्याशी भांडले. त्याच्या पोटात हे असेल याची कल्पना नव्हती. टेबल माझ्या सासऱ्यांनी स्वातंत्र्यानंतर लगेचच हिंदुरावांकडून करून घेतलेलं होतं.

रशीदानं पिशवीतून तुपाच्या डब्याच्या पत्र्याचा तुकडा काढला, कात्री आणि बारीक कानस काढली. पत्र्याची कड ती पन्हळीत आडवी धरायची, मागून बॅटरीचा उजेड टाकायचा, उजेड कुठून गळतो ते बघायची आणि तेवढाच पत्रा घासायची. बॅटरी अर्थातच मी धरली. पन्हळीत कड चपखल बसून उजेड पार बंद झाला तेव्हाच ती बाहेर आली. तोवर चहा माझ्याकडून होणार हे ठरूनच गेलं होतं. चहा घेता घेता मी तिला विचारलं, की बाई, हा काय प्रकार आहे?

प्रकार असा होता. रशीदा नगरची. तिचे वडील शिकलगार, म्हणजे धार लावणारे. त्यांना मुलगा नव्हता, म्हणून कात्र्या, विळे, कुऱ्हाडी सगळं हीच दगडावर शिकली. लग्न होऊन ती पुण्यात भवानी पेठेत आली, तेही शिकलगारांच्याच घरात. नवरा शकील पिंपरीला कारखान्यात लागलेला, त्याला धारेचं काम नको होतं. सासरे चांदभाई मात्र लाकूडबाजाराच्या कडेला दुकान थाटून बसलेले, आणि निम्म्या पुण्याचे सुतार त्यांच्याकडे. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तोच चांदभाई हजला निघाले. तेव्हा बोटीनं जायचे. जाऊन यायला महिने लागायचे. जाताना सुनेला म्हणाले, "दुकान उघडं ठेव. कात्र्या, सुऱ्या कर. सुतारांचं काम मी आल्यावर."

पण हिंदुराव मेस्त्री घाईत होते. विश्रांतवाडीहून सायकल मारत आले, रंध्यांची तीन पाती दुकानात ठेवली, "संध्याकाळी नेतो" म्हणाले आणि निघाले. चांदभाई गेलेत हे त्यांना ठाऊकच नव्हतं. रशीदानं पाती उचलून बघितली. तिन्हींचे कोपरे झिजलेले आणि धार मध्ये पुढे आलेली. एकाची तर चांगलीच. तिला वाईट वाटलं. सासऱ्यांच्या हातून इतकं दुर्लक्ष व्हावं? की वय झालं म्हणून नजर कमी पडली? तिनं सासऱ्यांची चूक कोणाला न सांगता दुरुस्त करायची ठरवली. दुपारभर चाक फिरवून तिन्ही पात्यांची धार दोरीत सरळ केली, नंतर दगडावर अशी चढवली की तोंड दिसावं.

नगरला तिच्याकडे यायचे ते कुणब्यांचे विळे आणि शिंप्यांच्या कात्र्या. तिकडचे सुतार गाड्या करायचे, वाकसानं तासायचे. टेबलं कोण करतंय? त्यामुळे एक गोष्ट तिच्या कानावर कधी आलीच नव्हती, ती म्हणजे रंध्याच्या पात्याला बाक मुद्दाम देतात. पुढची सगळी भानगड त्या एका न ऐकलेल्या गोष्टीतून झाली.

मलाही बाकाची भानगड कळायला वेळ लागला, तेव्हा सावकाश सांगते. चांगला मेस्त्री एका फळीवर तीन रंधे चालवतो. पहिल्याच्या पात्याला जास्त बाक. तो पळीसारखा लाकूड उकरत जातो, भराभर जाडी उतरवतो आणि मागे पन्हळी ठेवतो. दुसऱ्याला कमी बाक. तो पन्हळींचे उंचवटे खातो. तिसऱ्याला इतका कमी की डोळ्याला दिसत नाही, फक्त कोपरे लाकडात रुतून रेघा काढू नयेत एवढाच. सरळ पात्यानं जाड लाकूड काढायला गेलं तर साल सगळ्या रुंदीनं निघते, रंध्याच्या तोंडात अडकते आणि माणूस बैलासारखा ओढत राहतो. आणि टेबलाखाली पन्हळी का? तर गिऱ्हाइकाचा हात जिथं जात नाही, तिथं कोणताही शहाणा मेस्त्री दुसरा-तिसरा रंधा फिरवत नाही.

संध्याकाळी हिंदुराव आले. पातं उजेडाकडे धरलं, धारेवरून नख फिरवलं आणि दुकानाच्या पायरीवर बसले. ओरडले नाहीत. म्हणाले, "पोरी, हा बाक माझ्या वस्तादांनी घालून दिलेला. तवापासून तसाच हाय. चांदभाईनं कधी केसाचा फरक केला न्हाई." मग पाती तिथंच ठेवून निघून गेले. ओरडले असते तर बरं, असं रशीदाला वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून हिंदुरावांनी कारखाना बंद ठेवला. बाजारातलं नवं पातं त्यांना चालत नव्हतं, दुसऱ्याच्या रंध्याला ते हात लावत नव्हते. आणि इकडे रशीदाची सासू नसीमबानू, जी एरवी मऊ बाई होती, तिनं स्पष्ट सांगितलं: चांदभाई परत यायच्या आत हिंदुराव स्वतःच्या पायानं दुकानात आले तर ठीक, नाहीतर दगड कायमचा बंद. जुनं गिऱ्हाईक सुनेच्या हातून गेलं, हे ती नवऱ्याला कोणत्या तोंडानं सांगणार होती?

"मग होऊ दे बंद," मी म्हटलं. "हातही स्वच्छ राहतील."

रशीदानं कप खाली ठेवला. "बाई, मला सैपाक येतो, शिवण येतं. पण दगडावर पाणी टाकून पातं फिरवायला लागलं ना, की मला दुसरं काय आठवत न्हाई. ते गेलं तर मी त्या घरात नुसती शकीलची बायको."

हे ऐकल्यावर मी दुपारची झोप सोडली. कोणासाठी मी ती सोडली असं त्याआधी झालं नव्हतं.

बाक तर दगडानं खाल्ला होता. तो नेमका किती होता ते सांगणारे चांदभाई समुद्रापलीकडे आणि हिंदुराव बोलायला तयार नाहीत. तेव्हा रशीदाला सुचलं, की रंध्यानं जे खाल्लं त्याची खूण लाकडात राहिली असणार. तिनं हिंदुरावांच्या बायकोला, मथुराबाईंना गाठलं. नवरा दिवसभर घरात बसून पंख्याकडे बघत होता, त्यामुळे मथुराबाई वाटच बघत होत्या. त्यांनी आठवेल तेवढी घरं तोंडी सांगितली, त्यात आमचं एक. आम्ही दोघी मग कसब्यापासून खडकीपर्यंत हिंडलो. कोणाच्या टेबलाखाली, कोणाच्या कपाटामागे, एकदा तर एका वकिलांच्या पलंगाखाली, आणि वकीलसाहेब वर झोपलेले. पुण्यात अनोळखी माणसाला घरात घेत नाहीत म्हणतात. पण "तुमच्या कपाटाची पाठ बघायची आहे" म्हटल्यावर लोक इतके बुचकळ्यात पडायचे, की नाही म्हणायचं विसरायचे.

जुन्या सामानाच्या पन्हळी सगळीकडे आमच्या टेबलासारख्याच होत्या. पत्र्याचा तुकडा सगळीकडे बसला. एका अलीकडच्या कपाटामागे मात्र बसेना. तिथल्या पन्हळी फारच उथळ. रशीदा तिथं घुटमळली. मी म्हटलं, ते कपाट कोणा हाताखालच्या माणसानं केलं असेल, चल. माझं बोलणं ठाम असतं. बरोबर असतंच असं नाही.

मग तिनं पत्र्याच्या मापानं पहिलं पातं घडवलं. मथुराबाईंनी नवऱ्याच्या नकळत रंध्याचा ठोकळा पदराखालून आणून दिला. पातं बसवलं, पाचर ठोकली, फळीवर चालवलं. पन्हळ पडली, पण सपाट. पत्रा धरला तर खालून ढळढळीत उजेड. पातं काढून पत्र्याला लावलं तर तंतोतंत. बसवलं की चूक, काढलं की बरोबर. माझ्या मते पत्रा वाकला होता. पत्रा वाकला नव्हता. मग माझ्या मते फळी खराब होती. फळीही चांगली होती. पुढचं मत मी स्वतःजवळच ठेवलं.

दोन-तीन दिवस ती त्या रंध्याभोवती फिरत राहिली. एका दुपारी माझ्याकडे बसलेली असताना तिनं रंधा उताणा केला, डोळ्यासमोर धरला आणि तळावरून तोंडाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग हातातली एक बांगडी काढली, माझ्यासमोर उभी धरली आणि हळूहळू मागे कलवली.

"काय दिसतंय?"

"बांगडी."

"गोल हाय का?"

कलली तशी ती चपटी होत गेली होती. तेव्हा माझ्याही डोक्यात प्रकाश पडला. पातं रंध्यात उभं नसतं, मागे कललेलं असतं. त्याचा बाक लाकडाला समोरून भेटतो, आणि समोरून तो असतो त्याहून कमीच पडतो. म्हणजे लाकडात जेवढी खोली हवी त्याहून जास्त बाक पात्यावर घालायला हवा. मला आजही बांगडी भरताना ते आठवतं, आणि दर वेळी नव्यानं गंमत वाटते.

तिनं पातं पुन्हा चाकाला लावलं. थोडं घासायचं, बसवायचं, पन्हळ पाडायची, पत्रा धरायचा. शेवटी पत्र्याखाली उजेड राहिला नाही. मथुराबाई रंधा घेऊन गेल्या.

दोन दिवसांनी त्या आल्या त्या पडलेल्या चेहऱ्यानं. हिंदुरावांनी रंधा पाहिला, बाक बोटानं चाचपला आणि त्यांचे डोळे भरून आले. मग फळी लावली, चालवला. दहा-बारा वेळा ओढला असेल. थांबले. पुन्हा ओढला, पुन्हा थांबले. नंतर रंधा पिशवीत घातला आणि पिशवी खुंटीला लावली.

"चुकलं असंल," रशीदा म्हणाली. काय चुकलं ते मात्र आम्हाला कळेना. पत्रा तर साक्षीला होता.

थंडी पडायला लागली तेव्हा चांदभाई परतले. हाजींना भेटायला पेठ लोटली. मीही गेले, निमित्त भेटीचं, खरं कारण तुम्हाला कळलंच असेल. चांदभाई पांढऱ्या टोपीत बसले होते, नसीमबानू आलेल्यांना खजूर आणि छोट्या पेल्यांतून मक्केहून आणलेलं जमजमचं पाणी देत होती. रशीदा आतल्या दाराशी उभी. दगड कोपऱ्यात गोणपाटाखाली होता. तिनं सासऱ्यांना सगळं सांगितलं होतं का, ते मला विचारता आलं नाही.

तेवढ्यात हिंदुराव आले, मागे मथुराबाई. त्यांनी चांदभाईंना मिठी मारली, खजूर घेतला, पाणी कपाळाला लावून प्यायले. मग पिशवीतून रंधा काढला आणि म्हणाले, "चांदभाई, एक फळी दे."

फळी आली. हिंदुरावांची एक सवय सगळ्या बाजाराला ठाऊक होती: साल दोन बोटं रुंद येईपर्यंत ते पातं ठोकत. वस्तादांनी तशी सांगितलेली. त्यांनी ठोकलं, ओढलं. दोन बोटं रुंद साल आली, पण मध्ये बुटाच्या तळव्यासारखी जाड. तिसऱ्या ओढीला त्यांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी रंधा ठेवला.

"हा वस्तादांचा बाक. माझ्या तिशीतला. सूनबाईनं लोकांच्या टेबलाखालनं काढून आणलाय, आन खरा आणलाय. मी बोट लावलं तवाच वळाकला." ते चांदभाईंकडे वळले. "आता तू सांग. हा जर माझा बाक हाय, तर इतकी वर्सं तू मला काय देत होतास?"

चांदभाईंनी हातातली तसबीहची माळ बाजूला ठेवली.

"उतरवत होतो," ते म्हणाले.

"काय?"

"बाक. दर खेपेला थोडा थोडा. एकदा तू आलास तेव्हा पिशवी डाव्या हातात होती. तू कधी डाव्या हातात पिशवी धरत नव्हतास. तू काही दोन बोटांची साल सोडणार नव्हतास, हे मला माहीत होतं. मग मी बाक उतरवला. कमी बाकाला दोन बोटांची साल पातळ येते, ओढायला हलकी. रुंदी तीच, तुला कळणार नव्हतं."

"आन मी लाकडाला शिव्या घालत होतो. हल्लीचं सागवान कोडगं झालंय, उतरतच न्हाई, म्हणून."

"त्या मी ऐकल्यात."

"मला सांगितलं का न्हाईस?"

"सांगितलं असतं तर तू पातं दुसरीकडं नेलं असतंस."

हिंदुरावांनी विचार केला. "नेलं असतं," ते म्हणाले.

ते उथळ पन्हळींचं कपाट हिंदुरावांनीच केलं होतं, हे मला त्या क्षणी कळलं. रशीदानं माझ्याकडे बघितलं नाही, हे तिचे उपकार.

हिंदुरावांनी पाचर सैल केली, पातं काढलं. चांदभाईंनी सवयीनं हात पुढे केला. पण हिंदुराव उठले, त्या हातावरून पुढे गेले आणि पातं दाराशी उभ्या असलेल्या रशीदासमोर धरलं.

"तू कर."

तिनं पातं घेतलं नाही. ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "काका, नेमकं दुखतंय कुठं?"

मला वाटलं, आता हा माणूस निघून जाणार. चांदभाईंनी इतकी वर्षं जे जपून झाकून ठेवलं, ते हिनं भर बैठकीत विचारलं होतं. पण हिंदुरावांनी डावा हात उचलून उजव्या खांद्याच्या मागे ठेवला.

"हितं," ते म्हणाले. "आन हितनं खाली अंगठ्यापातूर. सकाळी टोपी घालताना हात वर जात न्हाई. घास घेताना पण कळ येती."

रशीदानं पातं घेतलं आणि कोपऱ्यातल्या दगडावरचं गोणपाट बाजूला केलं. नसीमबानूनं तिला अडवलं नाही. उलट पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

मथुराबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांच्या हातातला खजूर अजून तसाच होता.

"मला सांगितलं का न्हाई?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

हिंदुराव त्यांच्याजवळ जाऊन खाली बसले. तिकडे दगडावर पातं फिरायला लागलं होतं.